आम्हाला पंपहाऊसमागचा कोपरा नको, त्याच खेळात घ्या : नगरपरिषदेला खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब, मा. नगराध्यक्षा ताई आणि सगळे नगरसेवक भाऊ-बहिणी,

सप्रेम नमस्कार.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, लिहिलं की मूळ विषय राहतो बाजूला आणि कोण कुणाच्या गटाचा यावरच कमेंटी सुरू होतात. खान्देशातलं एक तालुक्याचं गाव, तापीपासून फार लांब नाही, आजूबाजूला केळी आणि कापूस, मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. एवढी ओळख पुरे.

बगीच्यातल्या डिजिटल गेम झोनच्या दुसऱ्या टप्प्याला तुम्ही मागच्या सभेत मंजुरी दिली. तीच मशिनं, तोच ठेकेदार, बदल शून्य. आणि या झोनमध्ये आम्हा दिव्यांगांनाही खेळता यावं म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून जे निवेदन दिलं होतं त्याचं उत्तर म्हणून ठरावाच्या शेवटी एक ओळ टाकली, "दिव्यांग बांधवांसाठी स्वतंत्र कोपरा विकसित करणे". चौकशी केली तर कळलं की कोपरा म्हणजे पंपहाऊसच्या मागची जागा, तिथे कॅरम, बाकडी आणि एक मोठा बोर्ड. बोर्डावर फोटो असणारच, कुणाचे ते मी सांगायला नको.

आधीची पत्रं बंद पाकिटात दिली होती, ती आवकचा शिक्का घेऊन कपाटात गेली. म्हणून हे पत्र उघड्यावर.

माझ्याबद्दल थोडक्यात सांगते. लहानपणी डाव्या पायाला पोलिओ झाला, तेव्हापासून कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या, आणि लांब जायचं असलं की कुबडी. बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या पोरांचे स्कॉलरशिपचे फॉर्म मीच भरलेत, त्यामुळे "ताई, ते टेक्निकल असतं, तुम्हाला नाही कळणार" हे वाक्य कृपया परत नको. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, फार चांगलं झालं, पण पोलिओ गेला म्हणून पोलिओ झालेली माणसं कुठे गेली नाहीत ना, आम्ही इथेच आहोत, चाळिशी-पन्नाशीत आहोत, दुकानं चालवतो, घरपट्टी भरतो आणि आम्हालाही कधीमधी खेळावंसं वाटतं. खेळायला काही कारण लागत नाही, तुम्ही उद्घाटनाच्या दिवशी खेळलातच की, व्हिडिओ अख्ख्या गावाने पाहिलाय.

आता मुद्द्यावर येते.

पहिलं गाऱ्हाणं त्या कॅमेऱ्याच्या भिंतीचं. समोर उभं राहायचं, हात हलवले की स्क्रीनवरची बाहुली फळं पकडते, उडी मारली की बाहुली उडी मारते. मी गेले, कुबडी घेऊन उभी राहिले, तर बाहुलीचा एक हात आपोआप फडफडायला लागला, मशीनला वाटलं कुबडी म्हणजे माझाच हात. मग खुर्ची मागून बसले तर बाहुली गायबच झाली. तिथला पोरगा चांगला होता बिचारा, म्हणाला, "मावशी, उभ्या राहा ना, बसलेल्याला ते पकडतच नाही." माझ्या मागे लुगडं नेसलेली एक आजी नातवाला घेऊन आली होती, तिचे पाय मशीनला सापडेनात, स्क्रीनवर लाल अक्षरात परत परत तेच यायचं की समोर उभे राहा. आजी ओरडली, "मी आठे उभी शे ना रे भाऊ!" सगळे हसले, मीही हसले. पण घरी येताना वाटलं की यात हसण्यासारखं काय होतं, गावातल्या किती बायका साडी-लुगड्यात असतात, आणि तुम्ही लाखो रुपये देऊन असं मशीन आणलं ज्याला साडीतली बाई दिसत नाही.

हे मशीन कसं चालतं ते मी वाचून काढलं. यातले बरेच कॅमेरे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश फेकतात आणि तो परत कसा येतो त्यावरून समोरचा माणूस किती लांब आहे ते मोजतात, मग त्या आकारात डोकं कुठे, खांदे कुठे, गुडघे कुठे असा अंदाज बांधून एक सांगाडा उभा करतात. अंदाज कशावरून, तर शिकवताना त्याला जी लाखो शरीरांची चित्रं दाखवलेली असतात त्यावरून. चित्रांत बसलेला माणूस नसेल, कुबडीवाला नसेल, लुगडंवाली नसेल तर त्याच्या हिशोबाने ते माणूसच नाहीत. आमच्या शरीरात बिघाड आहे म्हणून खेळता येत नाही असं नाही, शिकवणाऱ्याने आम्हाला मोजलंच नाही म्हणून येत नाही.

आणि ठेकेदाराचा माणूस म्हणतो तसं हे "टेक्निकली पॉसिबल नाही" वगैरे काही नाही. मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट नावाचा असाच कॅमेरा २०१० मध्ये आला, तो शरीरातले वीस सांधे ओळखायचा. २०१२ मध्येच त्याच्या संगणकासाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये बसलेल्या माणसासाठी वेगळी सोय आली, त्यात फक्त कमरेच्या वरचे दहा सांधे धरायचे, पायांचा हिशोबच सोडून द्यायचा. म्हणजे जे एक तपापूर्वीच होऊन गेलंय ते आपल्याकडे अशक्य कसं? अशक्य नाही साहेब, कुणी मागितलंच नाही.

याच कॅमेऱ्याचं अजून एक आहे. ऊन असताना तो चालत नाही कारण उन्हातही इन्फ्रारेड असतं आणि मशीन गोंधळतं, म्हणून झोन संध्याकाळी सातनंतर उघडतो. सातनंतर कोण येतं तिथे ते जरा जाऊन बघा, पोरीबाळी किती आणि पोरं किती. एक साधं पक्कं छत आणि पश्चिमेकडून आडोसा केला असता तर दुपारनंतरच सुरू झालं असतं, आणि आपल्याकडच्या उन्हात सावली तशीही लागतेच.

दुसरं, ती लाइटची फरशी. पेटलेल्या चौकोनावर पाय द्यायचा, मग तो रंग बदलतो. बाहेर बोर्ड, "चपला-बूट बाहेर काढा". माझं कॅलिपर बुटाला पक्कं बसवलेलं आहे, बूट काढला की कॅलिपर निघतं आणि कॅलिपर निघालं की मी उभी राहू शकत नाही. हे मी तिथल्या सुपरवायझरला समजावलं तर तो म्हणाला मग कॅलिपर काढून या. काय बोलणार! शिवाय फरशीला चढायला वीतभर उंचीचा काठ आहे, उतार कुठेच नाही. सार्वजनिक जागी उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे प्रमाण कुठल्याही इंजिनियरला पाठ असतं, म्हणजे या वीतभर काठाला नऊ-दहा फूट लागले असते. जागा होती. तिथे आता सेल्फी पॉइंट आहे.

आणि या फरशीपाशीच मी ते बघितलं ज्यामुळे हे सगळं सुरू झालं. आमच्या गल्लीत एक नववीतला पोरगा आहे, स्नायूंचा आजार आहे त्याला, व्हीलचेअरवर असतो. मित्र त्याला रोज सोबत घेऊन जातात, पोरं चांगली आहेत. पण तिथे गेल्यावर हे सगळे फरशीवर आणि हा काठाशी, मांडीवर सगळ्यांच्या चपला. हो, मांडीवर, कारण खाली ठेवल्या की चोरीला जातात. त्याला विचारलं, "काय रे, कंटाळा नाही येत?" तर म्हणाला, "मी स्कोअर मोजतो ना." हा पोरगा मोबाइलवर गेम खेळायला बसला की गल्लीतल्या कॉलेजच्या पोरांना हरवतो, दोन अंगठ्यांवर. त्याचे खांदे उचलत नाहीत, पण बोटं अशी चालतात की बघत राहावं. तुमच्या झोनमध्ये सगळ्या मशिनांना हात डोक्यावर हवे असतात नाहीतर पाय जमिनीवर, बोटांनी खेळायचं एकही मशीन नाही.

तिसरं, लाइट. फरशीवर गेम जिंकला की सगळे एलईडी झपाझप लागतात-विझतात. काही जणांना, विशेषतः लहान मुलांना, अशा झगमगाटाने फेफरं येऊ शकतं. जपानमध्ये १९९७ च्या डिसेंबरात टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला आणि शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. वेबसाइटसाठीचा आंतरराष्ट्रीय नियमसुद्धा सांगतो की एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा प्रकाश लुकलुकायला नको. हे सेटिंगमध्ये बदलता येतं, पैसे लागत नाहीत. निदान सूचना लिहिलेला बोर्ड तरी लावा.

चौथं छोटं आहे पण मला भयंकर राग येतो त्याचा. ते वजनाचं फिटनेस मशीन, वर उभं राहिलं की स्पीकरवरून इंग्रजीत मोठ्याने सांगतं की तुम्ही जाड आहात. रांगेतल्या सगळ्यांसमोर! आठवीतली एक मुलगी उतरून थेट घरी गेली, आईचा हात सोडून. निन्टेंडोच्या घरगुती व्यायामाच्या गेमने २००८ मध्ये एका लहान मुलीला असंच जाड म्हटलं होतं तेव्हा कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली होती. आपण तीच चूक नव्याने विकत घेतली. स्पीकर बंद करा, आजच.

बाकी मग सूचना फक्त इंग्रजीत, बटणं इतक्या उंचीवर की चौथीच्या पोराचा हात पुरत नाही, लाल-हिरव्याशिवाय फरक कळत नाही त्यामुळे रंग न ओळखणाऱ्याने खेळूच नये, ऐकू न येणाऱ्याला गेम सुरू झाला हेच कळत नाही कारण फक्त भोंगा वाजतो. यादी मोठी आहे, थांबते.

आता तुमच्या कोपऱ्याबद्दल. काही नगरसेवक मला भेटून म्हणाले की ताई, तुमच्यासाठी स्पेशल करतोय तर तुम्ही विरोध कशाला करताय. सांगते.

आपल्याकडे आखाजी असते, म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी, झिम्मा, फुगड्या. मी लहान असताना माझा पाय असा, पण आखाजीला मी कधी बाजूला बसलेली मला आठवत नाही. झोक्यावर काय, एकदा बसवलं की पाय लागतच नाही, पाठीमागून ढकलणारी कुणीतरी असतेच. फुगडी उभ्याने जमायची नाही तर मैत्रिणी खाली बसकण मारायच्या आणि टाळ्यांचा खेळ मांडायच्या. लपंडावात माझ्यासाठी राज्य घेणारा जास्त आकडे मोजायचा, आणि हे कुणी मोठ्याने शिकवलं नव्हतं, पोरांनीच ठरवलेलं. आज ज्याला गेम बनवणारे सेटिंग म्हणतात, वेग कमी करा, वेळ वाढवा, एका हाताने खेळा, तेच हे. खेळ शरीराकडे बघून वाकवायचा, शरीर खेळासाठी वाकवायचं नाही. अंगणातल्या पोरांना कळलेलं टेंडर काढणाऱ्यांना का कळू नये?

कच्चं लिंबू तुम्हाला माहीत असेलच. आउट झालं तरी आउट धरायचं नाही, राज्य द्यायचं नाही. मला काही जण तसं घ्यायचे आणि मला ते अजिबात आवडायचं नाही, कारण जिंकण्यात पण मजा नाही आणि हरण्यात पण नाही. पण कच्चं लिंबू निदान मैदानात तरी असतं हो. तुम्ही तर आम्हाला पंपहाऊसच्या मागे पाठवताय. आणि तिथे त्या नववीतल्या पोराबरोबर कॅरम खेळणार कोण? त्याचे मित्र तर इकडे फरशीवर. त्याला कॅरम नकोय, त्याला मित्र हवेत, मित्रांना हरवायचंय त्याला.

करता येतं हे दाखवायला आम्ही एक प्रयोग केला. मेकी मेकी नावाचं एक छोटं सर्किट असतं, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या दोघांनी २०१२ मध्ये आणलं, आणि त्याची जगभर गाजलेली करामत कुठली माहितीये? केळ्यांचा पियानो! खरंच. केळ्यात ओलावा असतो, ओल्या वस्तूतून किंचित वीज जाते, एक वायर हातात धरायची आणि दुसरी केळ्यात खोचायची, केळ्याला बोट लावलं की सर्किट पूर्ण होतं आणि कॉम्प्युटरला वाटतं कुणीतरी कीबोर्डचं बटण दाबलं. रावेर-यावलची केळी देशभर जातात, आणि केळ्याने गेम खेळता येतो हे आम्हाला यूट्यूबवरून कळावं, असो. पॉलिटेक्निकच्या पोरांनी ते सर्किट मागवलं, त्या मुलाच्या मांडीवर एक लाकडी फळी ठेवली, फळीवर चार केळी. पहिल्यांदा बोटांनी, मग कोपराने, मग एक केळं त्याने स्वतःच सरकवून हनुवटीखाली घेतलं, कारण त्याला उडी मारायला ते बटण तिथे सोयीचं वाटलं. हे आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात आलं नसतं. कुठलं बटण कुठे हवं ते ज्याचं शरीर त्यालाच माहीत असतं, ड्रॉइंग काढणाऱ्याला नसतं. केळी तासाभरात काळी पडली, पोरांनी खाऊन टाकली, नंतर आम्ही ॲल्युमिनियम फॉइल चिकटवून तेच केलं. खर्च हजारांत आला, लाखांत नाही. आणि त्या संध्याकाळी बाकीच्या पोरांनीही त्याच फळीवर खेळायला रांग लावली, त्यांनाही ते जास्त मजेचं वाटलं. चपला कुणाच्या मांडीवर होत्या मला माहीत नाही, कुणीतरी ठेवल्या असतील.

मोठ्या कंपन्याही हेच करतायत. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये तळहाताएवढ्या दोन बटणांचा एक कंट्रोलर काढला, मागे वायर खोचायचे एकोणीस जॅक, ज्याला जे बटण जिथे हवं ते तिथे जोडायचं, पायाने दाबा, डोक्याने दाबा. सोनीने २०२३ मध्ये तसाच एक गोल आणला. ते आपल्याला परवडणार नाहीत हे मला कळतं, तेच आणा असं माझं म्हणणं नाही. बटण शरीरापर्यंत आणायचं एवढंच त्यातून घ्या.

कायद्याचं मी शेवटी ठेवलं, कारण कायद्याने आलेली गोष्ट तुम्ही नाक मुरडून करता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम २९, त्यात करमणुकीचा हक्क आहे आणि करमणुकीत सहभागी होता यावं म्हणून तंत्रज्ञान आणि साधनं विकसित करा असंही आहे. या कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय, नुसती व्हीलचेअर नाही. आणि ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की सुलभतेचे नियम म्हणजे जमलं तर करा अशा सूचना नकोत, सक्तीचे निकष हवेत. त्यामुळे "पुढच्या वर्षी बघू" हे उत्तर आता चालत नाही.

अजून एक ऐकू येतंय, त्या कोपऱ्याचा खर्च नगरपरिषदेने दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या पाच टक्के निधीत टाकणार म्हणून. खरं असेल तर थांबवा. आमच्या निधीतून आम्हालाच बाजूला बसवायचं हे फारच झालं.

मागण्या साध्या आहेत.

१. दुसऱ्या टप्प्याची वर्क ऑर्डर थांबवा. रद्द नका करू, थांबवा. खेळ बंद व्हावेत असं आम्हाला कुणालाच वाटत नाही.

२. टेंडरमध्ये लिहा की प्रत्येक गेम बसून खेळता आला पाहिजे, एका हाताने खेळता आला पाहिजे, वेग कमी-जास्त करता आला पाहिजे, सूचना मराठीत लिहून, बोलून आणि चित्राने तिन्ही प्रकारे हव्यात. प्रत्येक मशीनला बाहेरून बटण जोडायची सोय हवी. हे लिहिलं की ठेकेदार आपोआप शोधून आणतो, तुम्ही फक्त लिहा.

३. बिल काढायच्या आधी चाचणी. चाचणीला इंजिनियर साहेब एकटे नकोत. व्हीलचेअरवाला, कुबडीवाली, लुगड्यातली आजी, ऐकू न येणारं, दिसत नसलेलं, गरोदर बाई, चौथीतलं पोर, जाड माणूस, हे सगळे खेळले आणि सह्या केल्या की मगच बिल. माणसं मी गोळा करून देते, मानधन नको, चहा द्या.

४. पहिल्या टप्प्यात फरशीला उतार, छत, कॅलिपर आणि कृत्रिम पायवाल्यांना बुटासकट प्रवेश, झगमगाट कमी, त्या वजनाच्या मशीनचा आवाज बंद. शेवटच्या दोन गोष्टींना एक माणूस आणि दहा मिनिटं पुरतात.

५. कोपऱ्याचा ठराव मागे घ्या. कॅरम बगीच्यात मधोमध ठेवा, सगळ्यांना खेळू द्या.

पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्या, मला बोलायला पाच मिनिटं द्या. फळी आणि सर्किट घेऊन येते, नगराध्यक्षा ताईंनी स्वतः खेळून बघावं, केळी माझ्याकडून. फक्त एक अडचण आहे, सभागृह वरच्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट दोन वर्षांपासून "प्रस्तावित" आहे. मी कशीबशी चढेन, तो नववीतला पोरगा चढू शकणार नाही आणि त्याला उचलून न्यायचं नाही असं त्याने स्वतः सांगितलंय. त्यामुळे सभा खाली, आवारात मांडव घालून घ्या, किंवा बगीच्यातच घ्या. तारीख दुकानावर कळवली तरी चालेल.

आपली,
बसस्टँडजवळची झेरॉक्सवाली ताई
(सोबत निवेदनावर सह्या करणारे सगळे)